चौदा गावांचा वाद आणि मधला गोंड मुलूख

चंद्रपूर जिल्ह्याला स्वातंत्र्याच्या दोन तारखा आहेत. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, चिमूर हा भाग इंग्रजांच्या मध्य प्रांतात होता. तो 15 ऑगस्ट 1947 ला मोकळा झाला. वर्धा नदीपलीकडचे राजुरा, कोरपना, जिवती मात्र निजामाच्या राज्यात होते. तिथे 17 सप्टेंबर 1948 उजाडावा लागला, आणि राजुऱ्यात तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. आज एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत असलेले हे तालुके तेरा महिन्यांच्या अंतराने स्वतंत्र झाले. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यातल्या सीमावादाचे मूळ शोधायला इथूनच सुरुवात करावी लागते.

सिंदेवाहीत या वादाची चर्चा क्वचितच निघते. इथली बोलणी धानाच्या भावाची, तेंदूच्या हंगामाची आणि वाघाची. सीमाप्रश्न म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार येते. महाजन आयोग, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, दर वर्षी उठणारी घोषणा हे सारे आपल्याला पाठ आहे. पण गोंदियाहून येणारी जी गाडी सिंदेवाही, मूल करत बल्लारशाला पोचते, तिच्या रुळांच्या पुढच्या टोकाला आपल्याच जिल्ह्याचा एक तुकडा दोन राज्यांच्या ताब्यात आहे, हे इथल्या शाळकरी पोराला कुणी सांगत नाही.

जिवती तालुका माणिकगडच्या डोंगरावर आहे. राजुऱ्याकडची माणसे त्या भागाला नुसते ‘पहाड’ म्हणतात. या पहाडाच्या दक्षिण कडेला परमडोली, मुकदमगुडा, कोठा, लेंडीजाळा, महाराजगुडा, शंकरलोधी, पद्मावती, अंतापूर, इंदिरानगर, येसापूर, पळसगुडा, भोलापठार वगैरे चौदा गावे आहेत. महाराष्ट्राच्या नकाशात ती जिवती तालुक्यात. तेलंगणाच्या नकाशात कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडळात. इथल्या अनेक कुटुंबांकडे दोन राज्यांची दोन रेशनकार्डे आणि दोन मतदार ओळखपत्रे आहेत. शाळा दोन, एक मराठी, एक तेलुगू. सरपंच दोन. तेलंगणाच्या विधानसभेसाठी 30 नोव्हेंबर 2023 ला मतदान झाले तेव्हा इथली माणसे आसिफाबाद मतदारसंघात मोजली गेली, आणि 20 नोव्हेंबर 2024 ला तीच माणसे राजुरा मतदारसंघात. एकाच माणसाचे नाव दोन मतदारसंघांच्या यादीत असू नये, असे 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट सांगतो. दोन्ही राज्यांच्या निवडणूक यंत्रणांना हे ठाऊक आहे, आणि तरीही दर निवडणुकीला दोन्हीकडची मतदान केंद्रे लागतात.

या गावांबद्दलचा न्यायालयाचा निवाडा 1997 साली महाराष्ट्राच्या बाजूने गेला. तेव्हापासून कागदावर वाद संपलेला आहे. प्रत्यक्षात शेजारच्या राज्याने ना पेन्शन थांबवली, ना शाळा, ना रस्ता. 2022 च्या डिसेंबरात कर्नाटकाशी वाद पेटला तेव्हा मुंबईच्या वाहिन्यांचे कॅमेरे पहाडावर चढले. 2025 च्या जुलैत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ही गावे महाराष्ट्रात घेण्याची कार्यवाही सुरू केल्याचे सांगितले. निवाडा मिळून अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर ‘घेण्याची’ भाषा सरकारला करावी लागते, याचा अर्थ मधल्या काळात महाराष्ट्र तिथे पुरेसा पोचलाच नव्हता.

इथवरचा भाग वर्तमानपत्रांतून बऱ्यापैकी आला आहे. पण तो सारा महाराष्ट्र विरुद्ध तेलंगणा, मराठी विरुद्ध तेलुगू असा मांडला जातो. मला ही मांडणी अपुरी वाटते. ज्या जमिनीवर ही दोन राज्ये हक्क सांगतात ती मुळात गोंड आणि कोलाम यांची भूमी आहे, आणि सीमेचे जेवढे म्हणून फेरे झाले त्यांपैकी एकातही त्यांना पक्षकार म्हणून बोलावले गेले नाही.

चांद्याच्या गोंड राजांची पहिली राजधानी सिरपूर. ते गाव आज तेलंगणात आहे. तिथून राजधानी बल्लारपूरला आली, आणि खांडक्या बल्लाळशहाने चंद्रपूर वसवल्यावर तिथे. म्हणजे एका राजघराण्याच्या तीन राजधान्या आज दोन राज्यांत विभागलेल्या आहेत. वर्धा आणि प्राणहिता या राज्याच्या मधून वाहणाऱ्या नद्या होत्या, सीमा नव्हत्या. 1751 साली नागपूरच्या भोसल्यांनी चांदा घेतले, 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, आणि चारच वर्षांनी, 1858 मध्ये, मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी बंड उभारले. 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

नदीची सीमा पक्की झाली ती दोन वर्षांनी, 1860 च्या तहात. निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंचाकडचा मुलूख इंग्रजांना दिला. बदल्यात त्याला रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा भाग परत मिळाला. इंग्रजांना त्या वेळी गोदावरीतून बोटी चालवून वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा होता. त्यासाठी सिरोंचा हे मुख्य ठाणे करून अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाच काढला गेला. खडकाळ पात्राने दाद दिली नाही, 1871 मध्ये काम सोडून दिले गेले, 1874 मध्ये जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. सिरोंचा आज महाराष्ट्रात आहे त्यामागे भाषा नाही, एका बुडीत गेलेल्या जलमार्गाचा हिशेब आहे. तिथल्या घराघरात तेलुगू बोलली जाते. आसपासच्या जंगलात माडिया आणि गोंड आहेत.

उजव्या तीराची गोष्ट वेगळी घडली. निजामाने आदिलाबादचे जंगल राखीव केले, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून गोंड-कोलामांना वनखाते हुसकावू लागले, आणि बाहेरून येणाऱ्या सावकार-शेतकऱ्यांच्या नावावर पट्टे चढू लागले. त्यातून कोमराम भीम उभे राहिले. तरुणपणी ते चंद्रपुरात एका छापखानेवाल्याकडे राहून लिहायला-वाचायला शिकले, असे सांगतात. त्यांची मागणी बारा गावांच्या स्वायत्ततेची होती: जल, जंगल, जमीन आमच्या हाती द्या. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांनी त्यांना मारले. जोडेघाट ज्या केरामेरी मंडळात आहे, त्याच मंडळात तेलंगणा आज वादातली चौदा गावे दाखवते. एकाच डोंगररांगेत एका गोंडाने 85 वर्षांपूर्वी बारा गावे मागितली होती. आज दोन राज्ये चौदा मागतात. त्या बारांची मागणी बंदुकीने मिटवली गेली, आणि या चौदांच्या सुनावणीत तिची आठवणही कुणी काढली नाही.

भीम यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांना कारण शोधायला पाठवले. ते मारलावाई गावी राहिले. त्यांच्या शिफारशींवरून आदिवासींना लावणी पट्टे मिळाले, 1943 मध्ये मारलावाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि गोंडी मुळाक्षरांची पुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण त्या डोंगरातली बाजाराची भाषा मराठी होती. हे मी मुद्दाम नोंदवतो. जे काम निजामाच्या शेवटच्या वर्षांत झाले, ते भाषावार राज्ये आल्यावर दोन्ही बाजूंनी खंडित झाले. उजव्या तीरावरच्या गोंड मुलाला तेलुगू आली, डाव्या तीरावरच्याला मराठी.

1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल आला. आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तेलंगणाचा स्वतंत्र विचार करायला सांगितले. गोंडवनाची मागणी मात्र त्याने मान्य केली नाही. त्यामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. गोंडी बोलणारे मध्य प्रदेश, विदर्भ, बस्तर, आदिलाबाद असे पसरलेले होते. सलग बहुसंख्या बहुतेक ठिकाणी मोडलेली होती. पण ती का मोडली, याचे उत्तर त्यांच्या जमिनीवर बाहेरून झालेल्या वस्तीत होते, आणि त्या अन्यायाचाच पुरावा त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. 1956 मध्ये हैदराबाद राज्याची फाळणी झाली. आदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका मराठी म्हणून आधी नांदेडला आणि 1959 मध्ये चांद्याला जोडला गेला. उरलेल्या आदिलाबादचा बहुतांश भाग आंध्रात गेला. जी रेघ ओढली ती पहाडावरून गेली, आणि पहाडावर त्या काळी मुख्यतः गोंड आणि कोलाम राहत होते. मराठी-तेलुगूच्या वाटणीत त्यांना ज्या बाजूला ढकलले गेले, ती त्यांची बाजू ठरली.

याविरुद्ध आवाज उठला नव्हता असे नाही. पानाबारसचे लाल श्याम शाह 1962 मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेले. गोंडवनाची मागणी त्यांनी लावून धरली होती. दोनच वर्षांत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या मुलखात वसवण्याच्या प्रश्नावर त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. आपल्या चंद्रपूरने दिल्लीला पाठवलेल्या माणसांत इतका ताठ कणा असलेले फार थोडे झाले, आणि जिल्ह्यात त्यांचे नाव आज अभावानेच ऐकू येते, याची मला खंत वाटते.

आता पुन्हा चौदा गावांकडे. तिथे आज राहते कोण? गोंड आणि कोलाम आहेतच. पण लोकसंख्येचा मोठा भाग आहे बंजारा, महार, मांग कुटुंबांचा. 1972 च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे जालना, परभणी, नांदेडकडून ही माणसे पोटासाठी पहाडावर आली. त्यांनी झाडोरा तोडून शेते काढली, तांडे वसवले. ही माणसे मराठी बोलतात, म्हणून महाराष्ट्राचा दावा भाषेच्या आधारावर भक्कम ठरतो. पण तीच माणसे ज्या जमिनीवर बसली ती कोलामांच्या फिरत्या शेतीची आणि वनखात्याच्या नोंदीतली जमीन होती. त्यांना इथे उपरे म्हणणे मला पटत नाही. पन्नास वर्षे ज्याने दगड वेचून शेत केले तो त्या शेताचा आहे. कोलामाचे त्याआधीचे नाते त्याने पुसले जावे, हेही पटत नाही.

शेजारी राज्याचा खरा हात इथे दिसतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती प्रवर्गात आहे. तेलंगणाच्या भागात तोच समाज लंबाडा या नावाने 1976 च्या दुरुस्ती कायद्यापासून अनुसूचित जमातीत आहे. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसलेली असली तर तिला पट्टा मिळेल. इतरांना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, त्या जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागेल. 1972 ला आलेला माणूस 75 वर्षे आणणार कुठून? म्हणजे परमडोलीचा बंजारा शेतकरी तेलंगणाच्या कागदावर आदिवासी ठरला तर त्याच्या जबरानजोतीला पट्ट्याची आशा आहे. महाराष्ट्राच्या कागदावर तो कायमचा अतिक्रमणधारक. त्याच्या शेजारचा महार शेतकरी दोन्हीकडे अतिक्रमणधारक. पट्टा नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. तेलंगणाने 2018 मध्ये रयतु बंधू योजना आणली, एकरी हंगामाला चार हजार, पुढे पाच हजार रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात. ज्याच्याकडे पट्टा त्याला पैसा. पहाडावरच्या माणसाने कुठे पाहावे, हे वेगळे सांगायची गरज नाही. नांदेडच्या धर्माबाद भागातल्या सरपंचांनीही त्याच सुमारास ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली होती, आणि तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी 5 फेब्रुवारी 2023 ला नांदेडमध्ये सभा घेऊन आपला पक्ष महाराष्ट्रात आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हैदराबादची सत्ता गेली आणि ती लाट ओसरली. ती उठली होती सातबाऱ्यावाचून राहिलेल्या शेतांतून, आणि त्या शेतांना सातबारा अजून मिळालेला नाही.

लंबाडांच्या समावेशाने आदिलाबादच्या गोंडांचे मात्र नुकसान झाले. महाराष्ट्रातून बंजारा कुटुंबे सीमा ओलांडून तिकडे गेली, जमातीचे दाखले मिळवू लागली आणि जागा, नोकऱ्या, जमिनी यांत गोंड मागे पडले, हे हैमेनडॉर्फ यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे. त्याआधी एप्रिल 1981 मध्ये इंद्रवेल्लीला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा. 2017 च्या डिसेंबरात उटनूर भागात आदिवासी आणि लंबाडा यांच्यात दंगली झाल्या. आणि 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार महाराष्ट्र सरकारने मान्य केल्यावर बंजारा समाजाने त्याच गॅझेटवरून अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. गोंड, कोलाम, आंध संघटना विरोधात रस्त्यावर आल्या. चौदा गावांचा निकाल कुठल्याही बाजूला लागला तरी हा प्रश्न त्याच्या पोटात तसाच राहणार आहे. निकाल देणाऱ्यांनी याचा विचार केल्याचे कुठे दिसत नाही.

वादातल्या याच परिसरात, महाराजगुड्याच्या जंगलात जंगुबाईचे स्थान आहे. डोंगरातल्या गुहेत देवी आहे. पुस महिन्यात महाराष्ट्र, तेलंगणा, छत्तीसगड, मध्य प्रदेशातून गोंड, परधान, कोलाम तिथे येतात, कुळाकुळाने पूजा करतात. तसेच तेलंगणातल्या केसलापूरला मेसराम कुळाची नागोबाची जत्रा. तिला यवतमाळ, चंद्रपूरचे गोंड जातात. सीमा कुठून गेली याने या जत्रांना आजवर फरक पडलेला नाही. या समाजाचा भूगोल आजही अखंड आहे, आणि तो तपासायचा असेल तर भूमापन खात्याच्या नकाशाआधी जंगुबाईच्या वाटेवरची माणसे कुठून कुठून येतात ते पाहावे.

पहाडावर शेजारी राज्य देते. नदीकाठी ते घेते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते. सिंदेवाही-मूलच्या धानाच्या बांध्यांतून निघालेले पाणीही वैनगंगेतून तिथेच जाते. या पाण्यावर आंध्रची नजर जुनी. गोदावरी पाणीतंटा लवादाचा 1980 चा निवाडा झाला तेव्हाच इंद्रावतीच्या संगमाखाली इचमपल्लीला मोठे धरण बांधायचे योजले होते. त्यात गडचिरोली आणि बस्तरचे जंगल, शेकडो माडिया-गोंड वस्त्या बुडाल्या असत्या. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ म्हणत बाबा आमटे, लाल श्याम शाह आणि हजारो आदिवासी उभे राहिले आणि तो प्रकल्प मागे पडला. सीमेच्या या दीर्घ कहाणीत आदिवासींनी जिंकलेल्या फार थोड्या लढ्यांपैकी हा एक, आणि तो त्यांनी दोन्ही तीरांवर एकत्र लढला.

पुढच्या वेळी ते जमले नाही. प्राणहितेवर तुम्मिडीहट्टीला 152 मीटर पातळीचे धरण आंध्रला हवे होते. महाराष्ट्राने आपल्याकडची बुडीत जमीन पाहून 148 च्या पुढे मान्यता दिली नाही. 2014 मध्ये तेलंगणा झाल्यावर चंद्रशेखर रावांनी जागाच बदलली आणि कालेश्वरमजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज काढले. 23 ऑगस्ट 2016 ला मुंबईत देवेंद्र फडणवीस आणि राव यांनी करारावर सह्या केल्या, पातळी 100 मीटर ठरली. 85 दरवाजांचे, 16 टीएमसीचे ते बॅरेज 21 जून 2019 ला सुरू झाले तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पाहुणे म्हणून हजर होते. बॅरेजचे एक टोक सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीला टेकते. पाणी तेलंगणाच्या शेतांना, फुगवटा सिरोंचाच्या. शेते पाण्याखाली गेली, काठ कोसळले, 2022 च्या जुलैतल्या पुराने गावेच्या गावे बुडवली, आणि मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना त्या वर्षीच्या हिवाळ्यात सिरोंचाला साखळी उपोषणाला बसावे लागले. 21 ऑक्टोबर 2023 ला बॅरेजचे खांबच खचले. पाणी सोडून द्यावे लागले, हैदराबादला चौकशी आयोग बसला. त्या चौकशीत भ्रष्टाचार, आराखडा, कंत्राट यांवर पुष्कळ बोलले गेले. सिरोंचाच्या शेतकऱ्याचा विषय दोन राज्यांच्या करारातला तपशील होऊन राहिला. 2025 पासून तेलंगणा पुन्हा तुम्मिडीहट्टीकडे वळले आहे. म्हणजे 148 की 152 हा प्रश्न परत महाराष्ट्राच्या मेजावर येणार, आणि या वेळी तो मुंबईत सह्या होण्याआधी चपराळ्याच्या आणि काठावरच्या गावांच्या ग्रामसभांपुढे गेला पाहिजे. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत सक्तीची करतो. ती न करता सही झाली तर ती बेकायदा म्हणून आव्हान द्यायला हवे.

नदी ओलांडून आणखी एक गोष्ट आली. 1980 मध्ये तेलंगणातून पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाच्या तुकड्या प्राणहिता पार करून सिरोंचात उतरल्या. 2 नोव्हेंबर 1980 ला मोयाबिनपेठला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला, तो त्यांच्यातला पहिला. पुढची 45 वर्षे नेतृत्व बहुतांशी तेलुगू आणि मरणारे बहुतांशी गोंड-माडिया, दोन्ही बाजूंना, कारण पोलिसांच्या सी-60 दलातही तीच पोरे. 2025 च्या ऑक्टोबरात पेद्दापल्लीचे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आले. सुटकेचा श्वास सगळ्यांनी टाकला, मीही. पण ज्या जमिनीच्या आणि जंगलाच्या प्रश्नावर त्यांनी पाय रोवला होता तो शरण आलेला नाही.

आता नवा दावेदार वाघ आहे, आणि तो सिंदेवाहीकरांना चांगला माहीत आहे. 10 मे 2025 ला आमच्याच तालुक्यातल्या मेंढा माल गावच्या तीन बायका तेंदूपाने तोडायला गेल्या त्या परतल्या नाहीत. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात जागा न पुरलेले वाघ राजुरा, पहाड, प्राणहिता ओलांडून तेलंगणातल्या कागजनगर आणि कवालच्या जंगलांकडे जातात. ही वाट राखायला तेलंगणा सरकारने 30 मे 2025 ला आसिफाबाद जिल्ह्यात कोमराम भीम यांच्या नावानेच संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. ज्या माणसाने राखीव जंगलाविरुद्ध जीव दिला त्याच्या नावाचे राखीव जंगल! आदिवासींनी बंद पुकारले आणि जुलैत सरकारने तो आदेश स्थगित केला. वाघाची वाट हवीच. ती बंद झाली तर सिंदेवाहीची गत आणखी बिकट होईल. पण तिची आखणी ग्रामसभांना वगळून झाली तर पहाडावरच्या माणसाला सीमेची तिसरी रेघ मिळेल.

यातून मार्ग कुठे दिसतो? मला तो मोठ्या नकाशापेक्षा छोट्या गावांत दिसतो. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 2012 मध्ये गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने हजार हेक्टरवर मिळवला, आणि बांबू विकून गावाचा कारभार चालवला. त्यांनी राज्य मागितले नाही, रेघ हलवली नाही. आपले रान कुठवर हे गावाने बसून ठरवले आणि कायद्याने ते मानले. चौदा गावांत हे का होऊ नये? कोलामगुड्यांचे सामूहिक दावे आधी मंजूर करावेत, आणि 1972 च्या कुटुंबांसाठी 75 वर्षांच्या अटीतून वाट काढणारा निर्णय महाराष्ट्राने घ्यावा. राज्याचा दावा सिद्ध करायचा तो पट्टे देऊन. बेळगावच्या दाव्यात महाराष्ट्र सांगतो की गाव हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या पाहा, लोकांची इच्छा विचारा. हे तत्त्व जिवतीत आपल्याला सोयीचे आहे, सिरोंचात गैरसोयीचे. दोन्हीकडे एकच लावायचे असेल तर लोकांची इच्छा विचारणे हाच भाग टिकतो, आणि तिथे गोंडी-कोलामी बोलणाऱ्यालाही उत्तर देण्याचा हक्क हवा. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळपास 30 लाख होते. ती आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत म्हणून बंद करायची नोटीस दिली. अशा राज्याला परमडोलीच्या कोलामाने आपले का म्हणावे?

लोकांना विचारून सीमा मिटवल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. कूचबिहारच्या सीमेवर भारताची 111 छिटमहल, म्हणजे परक्या देशाने वेढलेली गावे, बांगलादेशात आणि बांगलादेशची 51 भारतात अडकून होती. 2011 मध्ये दोन्ही देशांनी एकत्र शिरगणती केली, पुढे प्रत्येक कुटुंबाला कुठले नागरिकत्व हवे ते विचारले, आणि 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. तिथे दोन सार्वभौम राष्ट्रे होती. इथे तर एकाच देशाची दोन राज्ये आहेत.

आणि इथे मुदत जवळ आली आहे. 1 मार्च 2027 ही पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख आहे, आणि या वेळी जातही विचारली जाणार आहे. मतदान दोनदा करता आले, रेशन दोनदा घेता आले. माणूस मोजायचा मात्र एकदाच. महाराष्ट्राचा प्रगणक आधी पोचला तर परमडोलीचा बंजारा विमुक्त जातीत आणि तेलंगणाचा पोचला तर अनुसूचित जमातीत लिहिला जाणार, आणि दोन्ही याद्यांत शेजारचा कोलाम आपली मातृभाषा मराठी किंवा तेलुगू म्हणून नोंदवली जाऊ नये यासाठी धडपडणार. चंद्रपूर आणि आसिफाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या चौदा गावांसाठी एकत्र पथके नेमावीत, प्रत्येक पथकात गोंडी आणि कोलामी जाणणारा एक माणूस असावा, आणि मोजणीआधी प्रत्येक गुड्यात, प्रत्येक तांड्यात ग्रामसभा घेऊन लोक आपले गाव कोणत्या राज्यात मानतात हे लेखी घ्यावे. त्याला नवा कायदा लागत नाही. दोन जिल्हाधिकाऱ्यांचे एक संयुक्त पत्र पुरते.